डायोड बदलला, अडीच रुपये

चोपड्यात, बसस्टँडच्या मागे,
मुनाफ मिस्त्रींच्या दुकानात मी शिकलो:
रेडिओ उघडायचा पाठीकडून
आणि ऐकायचा बोटाने.
व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला बोट लावलं
आणि स्पीकर भुंऽऽ बोलला,
तर तिथून पुढचं सगळं जिवंत,
दुखणं मागे.

मागे म्हणजे डायोडपाशी.
लहर येते ती दोन्हीकडे सारखीच फुगलेली,
वर जेवढी, खाली तेवढी.
तशीच कानाला दिली तर बेरीज शून्य.
चाचा म्हणायचे,
सेकंदाला लाखो हेलकावे खाणारी ही बया
स्वतः काही बोलत नाही.
सावद्याहून केळी भरून दिल्लीला जाणारी वाघीण बघ.
दिल्लीवाल्याने काय वाघीण खायची?

डायोड काचेचा, गव्हाच्या दाण्याएवढा,
एकाच बाजूला उघडणारं दार.
खालचा अर्धा तो येऊच देत नाही.
उरलेली शिखरं कपॅसिटर भरून घेतो
आणि शेजारचा रेझिस्टन्स त्याला गळू देतो.
गळती नेमकी हवी.
फार हळू गळलं
तर आवाज उतरतो तिथे हा उतरत नाही,
जुन्याच उंचीला धरून बसतो, शब्द चिरकतात.
फार भराभर गळलं
तर मधेमधे वाघिणीचा खडखडाट.
वडील गेले त्या वर्षी मी हे शिकलो.
चाचांनी संबंध जोडला नाही.
मीही नाही.

एका मंगळवारी
सातपुड्यातल्या पाड्यावरून जामसिंग पावरा आला,
बरोबर रेलीबाई, टॉवेलात बांधलेला दोन बँडचा सेट.
"काय व्हयनं रे भो याले?"
"मराठी बोलतो," जामसिंग म्हणाला. "हिंदी बोलतो.
रात्री अकरानंतर समुद्रापलीकडचं कायबाय बोलतो.
आमची बोली बोलत नाही.
बिघडला असेल."
चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मी खरंच उघडला.
डायोड थकला होता, दोन्हीकडे उघडत होता.
बदलला. गँगमधली धूळ फुंकली.
काटा या टोकापासून त्या टोकाला नेला:
जळगाव, कापसाचे भाव, कुठलीशी कव्वाली, खरखर.
"सेट चांगला आहे," मी म्हणालो,
"पाठवणाराच कोणी नाही."
"हां," जामसिंग म्हणाला,
"मग सापडलं की दुखणं."

चाचांनी चहाची बशी बाजूला ठेवली.
फळीखालून सिग्नल जनरेटर ओढला,
लग्नातल्या लाउडस्पीकरचा माईक
अॅम्प्लिफायरमधून त्याच्या मागे खोचला.
सहाशे आणि सातशेच्या मधे रिकामी जागा होती.
तिथे काटा लावून सेट रेलीबाईकडे दिला,
ती दाराबाहेर, कडुलिंबाखाली.
पोच तेवढीच, दहाबारा पावलांची.

जामसिंगने माईक तोंडाशी धरला.
आधी खोकला.
बाहेर, बाईच्या हातात, खोकला उमटला.
मग तो बोलत राहिला, पाऊण मिनिट असेल,
आणि रेलीबाई हसली,
सेटकडे पाहत काहीतरी उलट बोलली.
रेडिओ ऐकत नाही, हे तिला माहीत होतं.

मी उंबऱ्यात उभा राहून ऐकलं.
ना खरखर, ना चिरक,
शब्द न् शब्द सुटा, धुऊन ठेवल्यासारखा.
मला काही कळलं नाही.
चाचांकडे पाहिलं,
त्यांनी पकडीचं टोक नव्या डायोडवर टेकवलं:
"यानं काम आठे लोंग."

वहीत लिहिलं: डायोड बदलला, अडीच रुपये.
जामसिंगने तीन दिले,
आठ आणे मोजून परत घेतले,
दोघं गाडीला पळाली.

जनरेटर बंद करायचा राहून गेला.
दुकान आवरेपर्यंत
दुरुस्तीला आलेला कुठलाही सेट
सहाशे-सातशेच्या मधे नेला
की तिथे खरखर थांबायची.
लहर उभी होती,
कोणी काही भरलेलं नव्हतं.